विकासाचा पैसा आणि त्याचा हिशेब



या व्यासपीठावर प्राध्यापकांनी, वकिलांनी, साहित्यिकांनी उभे राहावे अशी रीत आहे. नववीत शाळा सोडून लेथवर उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्या माणसाला चालकांनी बोलावले, हा त्यांचा मोठेपणा. आमचे जे काही शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य शोधू नका. सरकारच्या अर्थ, उद्योग, नियोजन अशा विकासाच्या खात्यांतून जो पैसा वाहतो त्यावर देखरेख कोणाची, आणि चुकले तर जाब कोणी द्यायचा, हा आजचा विषय आहे. विषय रुक्ष खरा. पण ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला हिशेब रुक्ष वाटू नये.

सरकारच्या हिशेबाकडे वळण्यापूर्वी आमचा स्वतःचा हिशेब आपल्यापुढे ठेवणे भाग आहे. दुसऱ्याला जाब विचारणाराने आधी आपला द्यावा.

१९९६ साली आम्ही एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या युनियनचे चिटणीस होतो. संप एकाहत्तर दिवस चालला. स्टेशनवर, मंडईच्या दारात, दुसऱ्या कारखान्यांच्या गेटांवर डबे फिरवून आम्ही संपनिधी जमवला. संप मिटल्यावर सर्वसाधारण सभा भरली. हारतुरे झाले, भाषणे झाली, आणि मागच्या ओळीतून एक म्हातारे मोल्डर उभे राहिले. सारे त्यांना अण्णा म्हणत. ते म्हणाले, "सेक्रेटरी, डब्यांत जमले किती आणि वाटले किती, तेवढे एकदा वाचून दाखवा." आमचे डोके भडकले. एकाहत्तर दिवस घरी धड जेवलो नव्हतो, आणि हा माणूस हिशेब मागतो! आम्ही विचारले, "अण्णा, आमच्यावर विश्वास नाही का?" अण्णा शांतपणे म्हणाले, "विश्वास होता म्हणून तर पैसे दिले. आता हिशेब द्या."

त्या रात्री वह्या घेऊन बसलो. १,८४० रुपयांचा मेळ लागेना. कोणाच्या घरी आजारपण, कोणाचे एस.टी.चे भाडे, कोर्टातले झेरॉक्स यांवर ते गेले होते. त्यातला पैसा आम्ही खाल्ला नव्हता. पण खाल्ला नव्हता हे दाखवायला आमच्याजवळ पावती नव्हती. ज्याच्याजवळ पावती नाही तो साधू असो की चोर, बाहेरून दोघे सारखेच दिसतात. पैसे आम्ही पुढे हप्त्यांनी भरून टाकले. परंतु त्या वर्षी एकतीस सभासदांनी वर्गणी थांबवली, ती काही सगळी परत आली नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सभासदाला वह्या पाहण्याचा हक्क लिहिलेला होता. तो हक्क आम्ही मालकाच्या वकिलासमोर दहा वेळा वाचून दाखवला असेल. आपल्या सभासदाने तो बजावताच मात्र आम्हांला अपमान वाटला. मंत्र्यांना आणि सचिवांना विधिमंडळातला प्रश्न अपमानासारखा का वाटतो, हे आम्हांला त्या रात्री आतून कळले.

आता सरकारकडे येऊ. पुष्कळ लोक समजतात की सरकारचा पैसा म्हणजे सरकारचा. महाराष्ट्रातल्या पगारदाराने आपली पगाराची चिठ्ठी पाहावी. त्यात व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले असतात, आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीत जास्त का, असे आम्हांला कामगार नेहमी विचारतात. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे २,२०० होतात, उरलेले ३०० एका महिन्यात बसवले. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना राज्यभर उभी राहिली. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यावे, सरकारने तितकीच भर घालावी, आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम मिळावे, अशी ही बोली होती. म्हणजे लेथवरचा कामगार बांधावर माती उचलणाऱ्या बाईची मजुरी देत होता. त्या कामाच्या हजेरीपटावर कोणी खोटे नाव चढवले, तर ते नाव आमच्या पगाराच्या चिठ्ठीवरही चढले, असे आम्ही समजतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हापासून महाराष्ट्राने सरकारी आकड्यांचा अभ्यास हे देशकार्य मानले. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले लंडनला जाऊन वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देऊन आले. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस-एकतीस वर्षांचे होते. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलले तेव्हा सरकार शिलकीचा तोरा मिरवत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की देश दुष्काळात होरपळत असता तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो. परक्या सरकारला त्याच्याच आकड्यांनी उत्तर देण्याची ही विद्या होती. स्वराज्य आल्यावर ती विद्या आपण कपाटात ठेवून दिली. आता सरकार आपलेच, मग विचारायचे कशाला, असे आपल्याला वाटले.

घटनाकारांना तसे वाटले नव्हते. त्यांनी पैशाच्या वाटेवर जागोजाग फाटके बसवली. कायद्यावाचून कर नाही, हे २६५ वे कलम. सारा महसूल आधी एकत्रित निधीत जमा झाला पाहिजे, हे २६६ वे. त्या निधीतून एक रुपया काढायचा तर प्रत्येक खात्याने लोकसभेपुढे मागणी मांडावी, लोकसभेने ती मंजूर करावी आणि तिचा विनियोजनाचा कायदा व्हावा. राज्यात विधानसभेची रीत तीच. आणि खर्च झाल्यावर तो तपासायला नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात, पण त्यांना काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड रीत पाळावी लागते. निवृत्तीनंतर त्यांना सरकारात दुसरी नोकरी घेता येत नाही. पुढच्या खुर्चीच्या आशेने आजची लेखणी बोथट होऊ नये, हा त्यातला हेतू. १९४९ साली घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की हा अधिकारी बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, आणि त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही महत्त्वाचे आहे. त्याला न्यायसंस्थेइतके स्वातंत्र्य आपण दिलेले नाही, याची खंतही त्यांनी तेथे बोलून दाखवली.

महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि तेथून लोकलेखा समितीकडे जातो. संसदेच्या या समितीत २२ सभासद असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्र्याला तिचा सभासद होता येत नाही, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. ही समिती खात्याच्या सचिवाला समोर बसवून विचारते, हा खर्च असा का झाला? कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. ती प्रत्यक्षात कशी चालते आणि कुठे अडते, हे पाहायला आम्ही एकच प्रकरण घेतो. ते जुने आहे, पण त्यात सारे धडे आहेत. ते म्हणजे मुंदडा प्रकरण.

१९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. देशी, परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. खाजगी कंपन्यांत लोकांचा पैसा बुडत होता, तो सुरक्षित राहावा आणि देशाच्या उभारणीला लागावा, हा त्यामागचा उद्देश. पुढे वर्षसुद्धा झाले नव्हते. जून १९५७ मध्ये या महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. त्या कंपन्यांत भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रडास होती, कलकत्त्याची जेसप होती, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती. मुंदडा तेव्हा कर्जात रुतलेला होता. महामंडळाची गुंतवणूक समिती कशासाठी होती? अशाच वेळी विचारायला. तिला व्यवहारापूर्वी विचारलेच नाही.

१६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत फिरोज गांधी उभे राहिले. ते विरोधी पक्षाचे नव्हते. ते सत्ताधारी काँग्रेसचे, आणि खुद्द पंतप्रधान नेहरूंचे जावई. त्यांनी कागद आणि आकडे पुढे ठेवून विचारले की विमेदारांचा पैसा या माणसाच्या बुडत्या कंपन्यांत कोणाच्या सांगण्यावरून गेला? सरकारला चौकशी नेमावी लागली. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छगला यांचे एकसदस्य कमिशन नेमले गेले. चौकशी मुंबईत, उघड, लोकांच्या देखत झाली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी साक्षीला आले. अर्थसचिव एच. एम. पटेल आले. महामंडळाचे अध्यक्ष आले. आणि १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल तयार होता. श्रोतेहो, महिनाभराच्या आसपास! आज चौकशी समितीला पहिली मुदतवाढच सहा महिन्यांची मिळते.

चौकशीत खरा पेच होता तो हा की हुकूम कोणी दिला? मंत्री म्हणत, आम्ही दिला नाही. सचिवांचे म्हणणे, मंत्र्यांच्या संमतीने झाले. महामंडळाचे अधिकारी म्हणत, सचिवांनी सांगितले म्हणून केले. आणि मंत्र्यांच्या सहीचा कागद? तो नाहीच. सव्वा कोटींचा व्यवहार तोंडी चालला होता. आमच्या १,८४० रुपयांत आणि त्या सव्वा कोटीत आकड्याचे अंतर मोठे आहे, रोग मात्र एकच आहे. छगलांनी निकाल दिला तो असा की मंत्र्यांच्या खात्यात सचिवाने जे केले त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यांवरच येते. मला ठाऊक नव्हते, हा बचाव चालायचा नाही. मंत्र्यांनी स्वतः पैसा घेतला असा ठपका नव्हता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरी त्याच महिन्यात त्यांना राजीनामा द्यावा लागला.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून धडा अर्धा राहतो. कृष्णम्माचारी १९६२ साली पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. एच. एम. पटेल १९७७ साली जनता सरकारात स्वतः अर्थमंत्री झाले. म्हणजे जाब विचारल्याने माणसे कायमची संपत नाहीत. कर्तबगार माणसाला चुकीची किंमत मोजून परत उभे राहता येते. संपतो तो फक्त "मला विचारणारे कोण?" हा ताठा, आणि तो संपलेलाच बरा.

आता आजच्या अडचणींकडे येऊ. आमच्या मते फाटके चार ठिकाणी ढिली झाली आहेत.

पहिले ठिकाण मंजुरीचे. खात्यांच्या मागण्यांपैकी थोड्यांवर चर्चा होते. वेळ संपला की उरलेल्या साऱ्या एका झटक्यात चर्चेविना मंजूर होतात. हजारो कोटींची खाती अशी एका आवाजात निघून जातात.

दुसरे मार्चअखेरचे. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात बिलांचा पूर येतो. लगीनघाईत आहेर कोणाचा कोणी आणला हे जसे कळत नाही, तसे त्या गर्दीत कोणते बिल कोणत्या कामाचे हे कळेनासे होते. कधी रक्कम नुसती खात्यातून काढून दुसरीकडे ठेवतात आणि कागदावर खर्च झाली असे लिहितात. रस्ता झाला नाही, पैसा मात्र झाला!

तिसरे ठिकाण महामंडळांचे. विकासाचा बराचसा पैसा आता खात्यांतून न जाता महामंडळे, कंपन्या आणि सोसायट्या यांच्याकडून जातो. काम चटकन व्हावे हा हेतू चांगला. पण खात्याचा हिशेब ज्या डोळ्यांनी पाहिला जातो ते डोळे तेथवर पुरत नाहीत. संसदेला याची जाणीव झाल्यावर १९६४ साली सार्वजनिक उपक्रमांसाठी वेगळी समिती नेमली गेली. तरी कित्येक संस्थांचे वार्षिक हिशेब वर्षानुवर्षे रेंगाळतात. कारखान्यात ज्या मशिनचे ऑइलिंग चुकते तेच आधी बिघडते. महामंडळाचा हिशेब रेंगाळला की तिथे काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे.

चौथे ठिकाण वेळेचे. आपल्या महालेखापरीक्षकांच्या नावात "नियंत्रक" हा शब्द आहे, पण पैसा बाहेर पडत असताना तो अडवण्याचा अधिकार त्यांना नाही. ब्रिटनमधल्या त्याच पदाला तो आहे. आपल्याकडे ते पैसा गेल्यावर येतात. मग अहवाल, मग सभागृह, मग समिती, मग समितीच्या शिफारशीवर खात्याचे उत्तर. तोवर कंत्राटदाराने दुसरे काम घेतलेले असते आणि अधिकारी निवृत्त झालेला असतो. आणि समिती शेवटी शिफारसच करते, वसुली करत नाही.

यावर काही जाणते लोक म्हणतात की फार विचाराल तर अधिकारी सहीच करणार नाहीत, आणि विकास खोळंबेल. हा आक्षेप पोकळ नाही. आम्ही असे अधिकारी पाहिले आहेत की जे प्रत्येक कागद पुढच्या टेबलावर ढकलतात. तसेच लेखापरीक्षणाचा शेरा म्हणजे गुन्ह्याचा निकाल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. २०१० साली स्पेक्ट्रमच्या वाटपावर महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यात १.७६ लाख कोटींच्या अंदाजी तोट्याचा आकडा होता. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. २०१७ साली फौजदारी खटल्यात विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तिन्ही गोष्टी एकाच प्रकरणातल्या आहेत. वाटपाची रीत चुकणे, तोट्याचा अंदाज बांधणे आणि माणसावर गुन्हा शाबीत होणे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते एकाच आरोळीत मिसळले की गोंधळ उडतो आणि त्या गोंधळात खरा चोर पळून जातो.

म्हणून आम्ही चूक आणि लपवाछपवी यांत फरक करतो. फिटरच्या हातून जॉब बिघडला आणि त्याने तो सुपरवायझरला दाखवला, तर युनियन त्याच्या पाठीशी उभी राहते. त्याने तो भंगारात पुरला, तर आम्ही त्याची बाजू घेत नाही. ज्या अधिकाऱ्याने विचार करून, कारणे लिहून, सही करून निर्णय घेतला आणि तो फसला, त्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. ज्याने तोंडी हुकूम दिला किंवा तो निमूट पाळला, त्याला मिळू नये. एवढा एक नियम नेटाने पाळला तर प्रामाणिक अधिकाऱ्याची भीतीही जाईल, कारण लिहिलेला कागद हीच त्याची ढाल होईल.

पण नियम पाळवून घेणार कोण? आमचा अनुभव असा की वरची फाटके खालून कोणी हलवल्याशिवाय उघडत नाहीत. महाराष्ट्रात अण्णा हजारे आणि इतरांच्या आंदोलनानंतर २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, २००५ साली तो देशभर झाला. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपावर कोणताही नागरिक कामाचे अंदाजपत्रक, हजेरीपट, मोजमाप पुस्तकाची नक्कल मागू शकतो, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. २००५ च्याच केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने ग्रामसभेला कामांचे सामाजिक लेखापरीक्षण करण्याचा हक्क दिला होता. हजेरीपट गावापुढे मोठ्याने वाचायचा. मेलेल्या माणसाचे नाव त्यात निघाले तर ते सांगायला ऑडिटर लागत नाही, शेजारीण पुरते.

आपण सारे येथे दरवर्षी येता, ऐकता, वाद घालता. आमची विनंती मोठी नाही. आपल्या शहरातले एकच काम निवडा. एखादी औद्योगिक वसाहत, एखादी पाण्याची योजना, एखादे प्रशिक्षण केंद्र. पाचसात जण मिळून त्याचे कागद मागा, ते समजून घ्या, आणि काम जागेवर जाऊन पाहा. महालेखापरीक्षकांचे अहवाल सभागृहापुढे आले की ते उघड दस्तऐवज होतात. वाचनालयात एक टेबल त्यांच्यासाठी ठेवा. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले कारकून, हिशेबनीस यांची या गावात वाण नाही. आणि जाब विचारताना आपला माणूस, परका माणूस असे पाहू नका. फिरोज गांधींनी सासऱ्याच्या सरकारला विचारले, हे विसरू नका.

अण्णांची गोष्ट पुरी करून थांबतो. त्या सभेनंतर आम्ही त्यांनाच युनियनचे हिशेब तपासायला बसवले. दरवर्षी ते चष्मा पुसून बसत आणि प्रत्येक पावतीवर पेन्सिलीची खूण करत. एका वर्षी त्यांनी पस्तीस रुपयांची चूक काढली, ती युनियनच्या फायद्याची होती. आम्ही म्हटले, "अण्णा, जाऊ द्या, आपलेच पैसे वाढलेत." त्यांनी मान हलवली आणि शेरा लिहिला: पस्तीस रुपये जास्त, कोणाचे ते शोधावे. आम्ही शोधले. एका विधवा बाईची वर्गणी दोनदा घेतली गेली होती. पैसे परत द्यायला गेलो तेव्हा तिने विचारले, "एवढ्याशा पैशासाठी आलात?" आम्ही म्हटले, "हो बाई, हिशेबात निघाले." तिने पैसे घेतले, आणि आतून पाणी आणून दिले.

अण्णा आता नाहीत. त्यांची वही आमच्या कचेरीत आहे.